पाच ऑलिंपिक, अर्धं कोर्ट

स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्यावर कार्ल्सक्रोना हे जुनं नौदलाचं गाव आहे. एप्रिल २०१२ मध्ये तिथे युरोपीय बॅडमिंटन अजिंक्यपद स्पर्धा झाली. महिला एकेरी, पुरुष दुहेरी आणि महिला दुहेरी ही विजेतेपदं डेन्मार्कने नेली. त्यात नवल काही नव्हतं, युरोपात बॅडमिंटन म्हटलं की पहिलं नाव डेन्मार्कचंच. पुरुष एकेरीत जर्मनीच्या मार्क झ्वीब्लरने बाजी मारली. आणि मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक मिळवलं पोलंडच्या रॉबर्ट मातेउशाक आणि नाद्येझ्दा झ्येंबा यांनी. त्या वेळी रॉबर्ट ३६ वर्षांचा होता आणि नाद्येझ्दा २७ वर्षांची. रॉबर्टच्या वयात बहुतेक दुहेरीपटू प्रशिक्षक व्हायच्या तयारीला लागलेले असतात. रॉबर्टचं अजून एक ऑलिंपिक खेळायचं राहिलं होतं. खरं तर दोन.

त्याचा जन्म १९७६ चा, वॉर्सॉजवळच्या वोवोमिन गावातला. पोलंड हा व्हॉलीबॉलचा, फुटबॉलचा, हिवाळ्यात स्की-जंपिंगचा देश. स्की-जंपर आदाम मावीशचं नाव तिथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं, बॅडमिंटनपटूचं नाव मात्र खेळाच्या वर्तुळाबाहेर फारसं कुणी घेत नसे. अशा देशातून निघून त्याने सिडनी, अथेन्स, बीजिंग, लंडन आणि रिओ अशी सलग पाच ऑलिंपिक गाठली, आणि तीही दुहेरीत. एकेरीत एखादा विलक्षण गुणी मुलगा कुठेही उगवू शकतो, एकट्याच्या हिमतीवर वर येऊ शकतो. दुहेरीला दुसरं माणूस लागतं आणि ते माणूस तयार व्हायला, टिकायला वर्षं जातात. चीन, कोरिया, इंडोनेशियात राष्ट्रीय शिबिरात पन्नास खेळाडू असले तर प्रशिक्षक दहा जोड्या लावून बघतो, मोडतो, पुन्हा लावतो. पोलंडकडे ती चैन नव्हती. म्हणून मला मातेउशाकच्या कारकिर्दीत पदकांपेक्षा जास्त मोलाची वाटते ती गोष्ट ही की, हाताशी असलेल्या माणसाबरोबर तो वर्षानुवर्षं खेळत राहिला आणि त्या सातत्यालाच त्याने आपलं हत्यार बनवलं.

ऑलिंपिकमधला पहिला साथीदार मिहाऊ वोगोश. सिडनीत २००० साली आणि अथेन्समध्ये २००४ साली दोघं पुरुष दुहेरीत उतरले. आजच्या तरुण प्रेक्षकाला तो खेळ वेगळाच वाटेल. गेम १५ गुणांचा होता आणि गुण मिळायचा तो फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूला. शिवाय दुहेरीत एका जोडीच्या दोन सर्व्हिस असत: पहिल्याची गेली की दुसऱ्याची, तीही गेली की मग शटल पलीकडे. त्यामुळे रॅलीमागून रॅली व्हायची आणि फलकावरचा आकडा हलायचाच नाही. पिछाडीवर पडलेली जोडी चिवटपणे टिकून राहिली तर सामना फिरवायला तिला वेळ मिळायचा. २००६ मध्ये हे सगळं बदललं. गेम २१ गुणांचा झाला, प्रत्येक रॅलीला गुण आणि दुहेरीत एका बाजूला एकच सर्व्हिस. चुकीची किंमत लगेच मोजावी लागू लागली. एका पद्धतीत घडलेल्या कितीतरी खेळाडूंना दुसरी पद्धत मानवली नाही. तेव्हा मातेउशाक तिशीत पोचला होता, आणि त्याची सगळ्यात मोठी यशं त्यानंतरची आहेत. बीजिंगमध्ये तो वोगोशबरोबर पुरुष दुहेरीत होता आणि त्याच वेळी मिश्र दुहेरीतही.

मिश्र दुहेरीतली त्याची साथीदार बेलारूसच्या ब्रेस्ट शहरात जन्मलेली. ब्रेस्ट पोलंडच्या सीमेला अगदी लागून आहे. बीजिंगमध्ये ती नाद्येझ्दा कोस्त्युचिक या माहेरच्या नावाने खेळली, लंडनमध्ये झ्येंबा म्हणून. महिला दुहेरीत ती कामिला आउगुस्तिनबरोबर खेळत असे, त्यामुळे दुहेरीच्या दोन्ही बाजू तिला पाठ होत्या. महिला दुहेरीत तिला मागून मारावं लागे, मिश्रमध्ये पुढे उभं राहून जाळी सांभाळावी लागे.

मिश्र दुहेरी म्हणजे पुरुष दुहेरीचं सौम्य रूप, असा आपल्याकडे गैरसमज आहे. प्रत्यक्षात तिचं शास्त्र वेगळंच आहे. कोर्ट ६.१ मीटर रुंद, १३.४ मीटर लांब. जाळी मध्यभागी १.५२४ मीटर उंच. दुहेरीत सर्व्हिसची मागची रेषा शेवटच्या रेषेच्या ७६ सेंटिमीटर आत असते, म्हणजे सर्व्हिस घेणाऱ्याला मागची फारशी काळजी नसते. तो पुढच्या रेषेच्या अगदी मागे पाय रोवून, रॅकेट डोक्यावर उगारून उभा राहतो. त्याच्यासमोर खालून, हळूच, जाळीला घासून जाईल अशी छोटी सर्व्हिस करायची. बोटभर वर गेली तरी तो पुढे झेपावून शटल थेट छातीवर ठोकणार. म्हणून मिश्र दुहेरीत बराचसा निकाल पहिल्या चार फटक्यांतच लागतो. पहिला सर्व्हिसचा, दुसरा ती घेणाऱ्याचा, तिसरा सर्व्हिस करणाऱ्या जोडीचा आणि चौथा पुन्हा पलीकडचा.

तिसरा फटका नीट बघण्यासारखा असतो. पुरुष सर्व्हिस करतो तेव्हा त्याची साथीदार त्याच्याही पुढे, जवळजवळ जाळीला लागून उभी असते. पलीकडच्याने शटल पुश करून दोघांच्या मधल्या जागेत टाकलं तर ते घ्यायचं कुणी? पुढच्या खेळाडूने हात घातला आणि तो चुकला, तर मागचा अडकतो. तिने सोडलं आणि मागच्याने गृहीत धरलं की ती घेईल, तर शटल दोघांच्या मधून जमिनीवर. अर्ध्या सेकंदाच्याही आतला हा निर्णय आहे. त्यात बोलायला वेळ नाही आणि मागे वळून बघायची सोयही नाही. साथीदाराचा पाय कुठे पडला असेल, तो कोणत्या कोपऱ्याकडे झुकला असेल, हे पाठीलाच कळावं लागतं. पुढच्या खेळाडूचं काम शटल मारून संपवण्यापेक्षा पलीकडच्यांना शटल वर उचलायला लावणं हे जास्त असतं. उचललं गेलं की मागचा स्मॅश मारणार, पलीकडून परत आलेलं अर्धवट शटल पुन्हा पुढची टॅप करणार. जुन्या गायकाला जुना तबलजी मिळावा तसं हे आहे, सम कधी येणार ते बोलावं लागत नाही. ही गोष्ट शिबिरात शिकवून येत नाही, दोघांनी एकत्र हरलेल्या शेकडो सामन्यांतून येते.

युरोपला ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीत अनेकदा संधी मिळाली. सिडनीत ब्रिटनच्या सायमन आर्चर आणि जोॲन गूड यांना कांस्य, अथेन्समध्ये नेथन रॉबर्टसन आणि गेल एम्स यांना रौप्य, लंडनमध्ये डेन्मार्कच्या योआकिम फिशर आणि क्रिस्टिना पेडरसन यांना कांस्य. याच वाटेवर पोलंडची जोडीही उभी होती. बीजिंग, लंडन, रिओ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये ती मिश्र दुहेरीच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचली. सलग तीन वेळा शेवटच्या आठांत, आणि तिन्ही वेळा पदकाच्या फेऱ्यांच्या एक पायरी अलीकडे. काहींना यात अपयश दिसेल. मला तसं मुळीच वाटत नाही. आशियाई संघ नव्या दमाच्या जोड्या आणत होते, आणि त्यांच्यासमोर आठ वर्षं तीच दोन माणसं, तीच आघाडी सांभाळून उभी होती.

मध्ये खंडही पडला. लंडननंतर काही काळ मातेउशाक अग्न्येश्का वोइत्कोव्स्काबरोबर खेळला. पुढे झ्येंबा परतली आणि जुनी जोडी पुन्हा पात्रतेचे गुण गोळा करत स्पर्धांमागून स्पर्धा फिरू लागली. हा भाग टीव्हीवर कधी दिसत नाही. दुहेरीत ऑलिंपिकला सोळाच जोड्या जातात. त्यांत शिरायचं तर वर्षभर कुठल्या कुठल्या शहरांत जाऊन पहिल्या-दुसऱ्या फेऱ्या जिंकत राहावं लागतं. चाळिशीला टेकलेल्या माणसाने हे पुन्हा सुरू करायचं म्हणजे गुडघे, खांदे आणि घर या तिघांनाही समजवावं लागत असणार.

रिओत तो ४० वर्षांचा होता. लंडनपासून दुहेरीत गटसाखळी आली होती, म्हणजे पहिला सामना हरला म्हणून लगेच सामान बांधावं लागत नव्हतं. पोलंडच्या गटात ब्रिटनचं ॲडकॉक दांपत्य होतं. क्रिस आणि गॅबी हे खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको, जागतिक क्रमवारीतही पोलंडच्या जोडीच्या वर आणि वयाने बरेच तरुण. मातेउशाक आणि झ्येंबा यांनी त्यांना हरवलं. ॲडकॉक जोडी साखळीतच बाद झाली, पोलंडची जोडी पुढे गेली. उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाच्या चान पेंग सून आणि गोह लिउ यिंग यांनी तिला थांबवलं. हीच मलेशियन जोडी पुढे रौप्यपदक घेऊन गेली.

त्यानंतर काही महिन्यांतच झ्येंबा भारतात आली आणि मराठी प्रेक्षकाला तिचा खेळ घरबसल्या बघता आला. जानेवारी २०१७ च्या प्रीमियर बॅडमिंटन लीगमध्ये ती मुंबई रॉकेट्सकडून खेळली. संघात एच. एस. प्रणॉय आणि अजय जयराम होते, आणि मिश्र दुहेरीत तिचा जोडीदार होता कोरियाचा ली योंग-दे, बीजिंगचा मिश्र दुहेरीतला सुवर्णपदक विजेता. कागदावर याहून भारी जोडी मिळणं कठीण. पण ही जोडी काही दिवसांसाठी जुळवलेली होती आणि लीगचे गेम अवघे ११ गुणांचे. एकमेकांच्या सवयी कळेपर्यंत गेम हातातून जायचा. अंतिम सामना दिल्लीत झाला, समोर पी. व्ही. सिंधूचा चेन्नई स्मॅशर्स संघ, आणि त्या संघाची मिश्र दुहेरीची जोडी होती तेच ॲडकॉक दांपत्य, रिओत तिच्याकडून हरलेलं. या वेळी तिच्या मागे मातेउशाक नव्हता. चेन्नईने अंतिम सामना ४-३ असा जिंकून करंडक नेला.