लॅपटॉप अडकला, तरी धीर सोडू नका!

आज कष्टकऱ्यांच्या घरातही हप्त्यावर किंवा जुन्या बाजारातून घेतलेला एखादा लॅपटॉप दिसतो. तो एकट्याचा नसतो. थोरली त्यावर कॉलेजचा प्रोजेक्ट लिहिते, धाकटा स्पर्धा परीक्षेची टिपणे ठेवतो. जातीचा दाखला, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या प्रती, सारे त्यातच. तो बंद पडला की साऱ्या घराचे काम अडते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. जुने लॅपटॉप त्यात बसत नाहीत. म्हणून काही मुले उबंटू ही विनामूल्य ऑपरेटिंग सिस्टीम घेतात. ते योग्यच आहे. पण नवे ते चांगले असे समजून कोणी तिची बीटा आवृत्ती टाकतो, आणि लॅपटॉप सुरू होता होता मध्येच हँग होतो.

बीटा म्हणजे काय?

उबंटूची नवी आवृत्ती दरवर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये निघते. त्याआधी काही आठवडे चाचणीसाठी जी देतात, ती बीटा. शिंपी कच्ची शिलाई मारून कपडा अंगावर घालून पाहायला देतो, तसेच हे. उणिवा दिसाव्यात म्हणूनच ती दिलेली असते. ती घालून कोणी लग्नाला जात नाही!

फॉरमॅटची घाई नको

अशा वेळी ‘फॉरमॅट मारून टाका’ हा सल्ला पहिल्यांदा मिळतो. फॉरमॅट म्हणजे आतले सारे पुसणे. आमचे सांगणे एवढेच, की आधी फायली वाचवा, मग यंत्र. एखाद्या मित्राच्या संगणकावर १६ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये उबंटूची पक्की आवृत्ती तयार करून घ्या. त्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा आणि ‘इन्स्टॉल’ न करता ‘ट्राय’ निवडा. आतली डिस्क उघडून दाखले, टिपणे, फोटो दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवा.

याच वेळी एक तपासही होतो. पक्की आवृत्तीही अडकली, तर रॅम किंवा दुसऱ्या एखाद्या भागात बिघाड असण्याचा संशय घ्यावा. ती नीट चालली, पण आतली डिस्क उघडताना रखडली, तर डिस्क तपासून घ्यावी. दोन्ही ठीक असेल, तर दोष बहुधा बीटाचाच.

कोठे अडकते ते पाहा

पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून लॅपटॉप बंद करा. प्रिंटर, माऊस, पेनड्राइव्ह काढा. पुन्हा सुरू करून उबंटूचे चिन्ह दिसताच एस्केप दाबा. चिन्ह जाऊन ओळी दिसू लागतील. शेवटच्या ओळीचा मोबाईलवर फोटो काढा. अडचण कोठे आहे याचा धागा तेथेच मिळतो.

पुष्कळदा ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुळत नाही, विशेषतः एनव्हिडियाचे कार्ड असेल तर. त्यासाठी कंपनीचे चिन्ह जाताच एकदा एस्केप दाबा (जुन्या यंत्रात शिफ्ट दाबून धरा). ग्रब नावाची यादी येईल. तेथे ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत ‘क्वाएट स्प्लॅश’ हे दोन इंग्रजी शब्द असतात. ते काढून ‘नोमोडसेट’ हा शब्द लहान इंग्रजी अक्षरांत, सलग लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच राहतो, म्हणून भिऊ नका. लॅपटॉप सुरू झाला, तर ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’मधून योग्य ड्रायव्हर घ्या.

जुन्या उबंटूवरच बीटा चढवली असेल, तर त्याच यादीत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचे कर्नल सापडते. कर्नल म्हणजे यंत्र आणि प्रोग्रॅम यांना जोडणारा गाभा. जुने कर्नल निवडल्यावर लॅपटॉप चालू लागला, तर दोष नव्या कर्नलमध्ये आहे.

पुढे काय करावे?

घरात एकच लॅपटॉप असेल, तर त्यावर बीटा नकोच. सम वर्षाच्या एप्रिलमध्ये निघणारी एलटीएस आवृत्ती घ्या. तिला पाच वर्षे विनामूल्य सुधारणा मिळतात. बीटा शिकायचीच असेल, तर पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. सापडलेला दोष उबंटूच्या लाँचपॅडवर जरूर नोंदवा. तुमच्यासारख्या जुन्या यंत्रावर काय घडते, हे बनवणाऱ्यांना तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आणि आई-वडिलांनो, यंत्र अडकले म्हणून मुलांवर रागावू नका. शेजारी बसा, काय दिसते ते विचारा. मात्र महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत आजच, हा अंक खाली ठेवताच, काढून घ्या.