टोमॅटोची लाली आणि कर्करोगाच्या पेशी

आठवीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, टोमॅटोचे सार रोज दिले, तर आजोबांचा कर्करोग बरा होईल काय?" त्याच्या आजोबांस प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग जडला होता. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गास वेढून बसलेली अक्रोडाएवढी ही ग्रंथी पुरुषांच्याच देहात असते. मी कला शाखेचा. तरी प्रश्न टाळणे बरे वाटेना. वाचून सांगेन, असे म्हणालो.

टोमॅटोस लाल रंग देणारे द्रव्य म्हणजे लायकोपीन. कलिंगडात व तांबड्या गराच्या पेरूतही ते असते. मौज अशी, की कच्च्या फळापेक्षा तेलात शिजविलेल्या टोमॅटोतून ते शरीरास अधिक लाभते. शिजताना फळाच्या पेशींची आवरणे फुटतात, आणि हे द्रव्य पाण्यात नव्हे, तर स्निग्ध पदार्थांत विरघळते. आमच्या घरच्या बायकांनी फोडणीचा हा गुण शास्त्र न शिकताच साधला होता!

१९९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एडवर्ड जोव्हानुची व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४८ हजार अमेरिकन पुरुषांच्या आहाराची पाहणी प्रसिद्ध केली. टोमॅटोचे पदार्थ पुष्कळ खाणाऱ्यांत हा रोग कमी आढळला. प्रयोगशाळेतही, काचेच्या तबकडीत वाढविलेल्या कर्करोगाच्या पेशींस लायकोपीन दिले असता कित्येक प्रयोगांत त्यांची वाढ मंदावली. एका पेशीच्या दोन होण्यापूर्वी तिला काही टप्पे ओलांडावे लागतात. त्यांतील पहिल्याच टप्प्यावर त्या थबकल्या.

परंतु तबकडी म्हणजे मनुष्य नव्हे. तेथे द्रव्याचे प्रमाण पुष्कळदा रक्तात असते त्याहून कितीतरी अधिक ठेवलेले असते. शिवाय टोमॅटो आवडीने खाणाऱ्याच्या इतर सवयीही निराळ्या असू शकतात. २००५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सारा पुरावा तपासला. टोमॅटोविषयीचा पुरावा फारच तोकडा ठरला. लायकोपीनच्या गोळ्यांविषयी तर विश्वसनीय असे काहीच सापडले नाही. ई जीवनसत्त्वाची कथा याहून बोलकी आहे. तेही या रोगास आवर घालील अशी आशा होती, म्हणून २००१ पासून सुमारे ३५ हजार पुरुषांवर प्रयोग झाला. २०११ साली निष्कर्ष आला, की नुसत्या ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत रोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलेच होते.

मुलाला मी एवढेच सांगितले, की सार अवश्य दे. पण डॉक्टरांचे एकही औषध त्यापायी चुकवू देऊ नकोस. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आजोबांनी दोन वाट्या घेतले, सर. औषध मात्र मीच उठून दिले."