इंद्रधनुष्यात नसलेला रंग

आज आपण फुक्शियाच्या फुलापासून सुरुवात करू. मूळचं मुख्यतः मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं हे फूल कानातल्या झुमक्यासारखं खाली लोंबतं. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्लुमिए यांनी १७०३ साली जर्मन पंडित लिओनहार्ट फुक्स यांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव दिलं. फुक्स तर १५६६ मध्येच वारले होते!

१८५९ साली फ्रान्समध्ये एका कृत्रिम रंगद्रव्याचं पेटंट घेतलं गेलं, त्याचं नाव फुक्सीन. त्याच साली इटलीत मॅजेंटा गावी लढाई झाली, आणि लोक त्या रंगाला मॅजेंटा म्हणू लागले. जवळच्या छटेला आपण राणी रंग म्हणतो.

आता हा रंग इंद्रधनुष्यात शोधा. सापडायचा नाही, कारण त्याला स्वतःची अशी एक तरंगलांबीच नाही. लाल आणि निळा प्रकाश एकत्र येतो, मधला हिरवा गैरहजर असतो, तेव्हा आपल्याला हा रंग दिसतो. मग रंग फुलात आहे की आपल्यात?

कॅमेराही लाल, हिरवा, निळा असाच उजेड मोजतो. भर उन्हात त्याची लालची मर्यादा संपते. पाकळीवरच्या शिरा पुसल्या जातात, नुसता डाग उरतो. म्हणून जाणकार सावलीत, उजेड थोडा कमी घेऊन हे फूल टिपतात. ‘फोटोत खरा रंग आला नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा खरा म्हणजे कोणाचा?

आम्हाला वाटतं, रंग फूल, प्रकाश आणि पाहणारा या तिघांत मिळून घडतो. चित्रकार त्याची नुसती नक्कल करत नाही. त्या घडण्यात तोही सामील असतो. घरातली राणी रंगाची साडी आधी खिडकीशी, मग दिव्याखाली धरून पाहा. प्रश्न आपोआप उभा राहील.