फरच्या लोकरीचा स्कार्फ : विणायला सोपा, वापरायला जपून

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आपल्या नगर जिल्ह्यात थंडी दाराशी येऊन उभी राहते. पारा १० अंशांच्या खाली उतरला, की पहाटे पाण्यात हात घालवत नाही आणि घरातली म्हातारी माणसं कानाला टॉवेल गुंडाळून बसतात. अशा वेळी दुकानातले ते पिसासारखे फुललेले लोकरीचे गुंडे मोह घालतात. "स्वेटर काही आपल्याच्यानं व्हायचा नाही, पण एखादा स्कार्फ?" असं मनात येतं ना? मग जरूर करा. सुलट टाका येत असला की पुरे.

मात्र एक लक्षात घ्या. आपण हिला 'लोकर' म्हणतो खरं, पण मेंढीशी तिचा बहुधा संबंध नसतो. मधे बारीक दोरा आणि त्याला लोंबणारे पॉलिएस्टरचे केस, अशी तिची घडण. खऱ्या लोकरीचं आपल्या जिल्ह्याला नावीन्य नाही. पारनेर-संगमनेरच्या माळांवर चरणाऱ्या काळ्या दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी आपण पाहिलेली आहे. ज्यांच्यामुळे २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, त्या अहिल्याबाई होळकरही १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीत धनगर घरातच जन्मल्या. ती लोकर जाडीभरडी, गळ्याला टोचणारी. पण तिचा एक मोठा गुण ह्या मऊ लोकरीत नाही. तो पुढे सांगते.

साहित्य

फरच्या लोकरीचे ५० ग्रॅमचे ३ गुंडे, त्याच रंगाची पण जरा फिकट अशी साधी लोकर १०० ग्रॅम, आणि साडेसहा मिलिमीटरच्या (जुन्या मापाने ३ नंबरच्या) दोन सुया. जुन्या मापात आकडा कमी तशी सुई जाड, हे विसरू नका. लेबलावर मीटर बघून घ्या. दोन्ही धागे साधारण १७० मीटर हवेत.

कृती

नुसत्या साध्या लोकरीने सैलसर २० टाके घाला. मग फरचा धागा जोडा आणि दोन्ही धागे एकत्र धरून सगळ्या ओळी सुलट विणा. उलट टाका मुळीच नाही! साधारण १५० सेंटिमीटर लांबी झाली, की फरचा धागा तोडा आणि साध्या लोकरीने सैल हाताने टाके बंद करा. रुंदी सुमारे १६ सेंटिमीटर भरेल.

साधी लोकर कशाला, असं वाटेल. फरमध्ये टाका दिसतच नाही. फिकट धागा सोबत असला, की सुई कुठे घालायची ते कळतं. तरीही दर चार ओळींनी टाके मोजा. २१ भरले तर दोन टाके एकत्र विणा. १९ भरले तर गळलेला टाका शोधून सेफ्टी पिनेत अडकवा आणि मागून दोऱ्याने टाचून घ्या. पुढच्या ओळीत एक टाका वाढवला की झालं. उसवायची वेळ आलीच, तर धागा ओढू नका. केसांची गाठ बसते. एकेक टाका सोडवत मागे जा. विणून झाल्यावर आत अडकलेले केस जुन्या टूथब्रशने बाहेर काढा, स्कार्फ छान फुलेल.

धुताना गार पाणी आणि थोडा शाम्पू. पिळायचं नाही, टॉवेलात दाबून सावलीत पसरायचं. इस्त्री तर नकोच, केस वितळतात.

आता तो घोंगड्याचा गुण

मेंढीची लोकर सहजासहजी पेट घेत नाही. म्हणून तर घोंगडं पांघरून माणूस शेकोटीजवळ बसू शकतो. पॉलिएस्टर मात्र वितळून कातडीला चिकटतं, आणि सोबतची साधी लोकर अॅक्रिलिकची असली तर ती भराभर पेटते. त्यातून हे लांब मोकळे केस! तेव्हा हा स्कार्फ गळ्यात घालून गॅसजवळ, बंबाजवळ किंवा शेकोटीजवळ जायचं नाही, हा नियमच करून टाका. सासूबाईंना भेट देणार असाल तर हे त्यांनाही सांगा. पहाटे चुलीपुढे बसायची सवय असेल, तर त्यांच्यासाठी अस्सल लोकरीचाच विणा.

लेबल नसेल तर परीक्षा घरीच होते. पाण्याचं भांडं शेजारी ठेवून, बोटभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांनी चुरली गेली, तर ती खरी लोकर. कडक मणी उरला तर कृत्रिम धागा.

आणि देव न करो, पण कुणाला भाजलंच, तर चिकटलेलं कापड ओढून काढू नका. भाजलेल्या जागी २० मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा आणि दवाखाना गाठा.

तान्ह्या बाळाला हा स्कार्फ नकोच, केस तोंडात जातात. स्कूटरवर मागे बसताना टोकं आत खोचून घ्या. एवढं सांभाळलंत, तर दुपारची कामं आवरल्यावरच्या आठ-दहा बैठकींत स्कार्फ सहज पुरा होईल.