आभाळालाही बांध असतो

भालकीच्या शिवारात निरभ्र दिवशी गडगडाट ऐकू आला, तर नजर बीदरच्या दिशेला जाते. हवाई दलाचा तळ इथून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. तिथे वैमानिक हॉक विमानांवर शिकतात. ‘सूर्यकिरण’ हे हवाई कसरतींचे पथकही १९९६ मध्ये तिथेच उभे राहिले. ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर तीन मिनिटांचे. एवढ्या वेगाच्या विमानांना वाट आखून द्यावीच लागते.

अशा आखलेल्या आकाशासाठी मराठीत दोन शब्द आहेत. ‘हवाई हद्द’ म्हणजे देशाचा हक्क. आपल्या भूमीवरच्या आणि प्रादेशिक समुद्रावरच्या आकाशावर त्या-त्या देशाचीच सत्ता, हे १९४४ च्या शिकागो कराराचे पहिले कलम. ही सत्ता किती उंचीवर संपते, यावर मात्र जगाचे एकमत नाही. शंभर किलोमीटरची कारमान रेषा अवकाशाची सुरुवात म्हणून सर्रास धरली जाते. ‘हवाई क्षेत्र’ म्हणजे वाहतुकीसाठी आखलेला आकाशाचा तुकडा. शेताला लांबी-रुंदी असते. याला तळ आणि माथाही असतो.

भालकीहून उदगीरला निघालेली रेल्वे कर्नाटकातून महाराष्ट्रात शिरते. वरच्या विमानाला ही सीमा लागत नाही, कारण हवाई वाहतूक हा राज्यघटनेनुसार केंद्राचा विषय आहे.

मग शेतावरचे आकाश शेतकऱ्याचे नाही का? अमेरिकेत कॉस्बी नावाच्या कोंबडीपालकाच्या घरावरून लष्करी विमाने इतकी खालून जात, की घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आदळून मेल्या. १९४६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उंच आकाश सार्वजनिक मार्ग आहे. पण जमिनीचा उपभोग घेण्यास लागणारी लगतची हवा मालकाचीच.

फवारणीच्या ड्रोनमुळे हा प्रश्न आता आपल्या बांधावर आला आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाश हिरवे, पिवळे आणि लाल असे वाटले. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी लागते. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवी मर्यादा २०० फुटांवर येते.

आपले गाव कोणत्या रंगात आहे, हे ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर दिसते. शेजारी लढाऊ वैमानिक घडत असताना अंदाजावर विसंबू नका. ड्रोन उडवण्याआधी प्रत्येक वेळी तो नकाशा पाहा.