पाचगणीचा पियानो, पडद्यावरचा फ्रेडी

फ्रेडी मर्क्युरीवर नवा माहितीपट आला की पहिली चौकशी होते ती त्याच्या गुपितांची. आजार कधी कळला, कोणाला ठाऊक होतं, आपलं पारशीपण त्याने का झाकलं? समीक्षाही बऱ्याचदा याच वाटेने जाते आणि फारसं काही उघड झालं नाही म्हणून चित्रपटाला उणं ठरवते. मला हे माप मान्य नाही. दुःखाने पोळलेल्या गायकावरचा माहितीपट जोखायचा, तर त्या दुःखाशेजारी त्याचं काम किती दिसतं हे आधी पाहायला हवं. पाचगणीचंच घ्या. १९४६ साली झांजिबारमध्ये जन्मलेला फारोख बुलसारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी, आठ वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात आला. पियानो शिकला, मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. मात्र या बँडचा मुख्य गायक दुसराच मुलगा होता. फारोख पियानोवर साथीला असायचा. १९८५ साली वेम्बलीच्या मैदानात हजारोंना आपल्यामागे गायला लावणाऱ्या माणसाचा कान आधी दुसऱ्याच्या गाण्याला साथ करताना तयार झाला, असं मला वाटतं. आईबापांपासून तुटलेला पोर एवढंच चित्र मनात धरलं, तर हा साथीदार हातून निसटतो.

यावर रास्त आक्षेप असा, की आजार आणि बदनामी वगळली तर माहितीपटाची जाहिरात होईल. वगळा असं मी म्हणतच नाही. २०२१चा ‘द फायनल ॲक्ट’ मृत्यूभोवतीच फिरतो, पण त्याचा रोख एड्सच्या नावाने माणसांना वाळीत टाकणाऱ्या त्या काळावर आहे. एड्स झाल्याचं निवेदन फ्रेडीने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला; तोवर पत्रकार त्याच्या दारात तळ ठोकून होते. उलट २०१२च्या ‘द ग्रेट प्रिटेंडर’मध्ये ऱ्हिस थॉमस त्याच्या क्वीन या बँडबाहेरच्या कामाकडे वळतात, ‘बार्सिलोना’ या अल्बमपर्यंत येतात. मोन्सेरात काबाये या ऑपेरा गायिकेला आपला भाग कळावा म्हणून नमुना ध्वनिफितीत फ्रेडी स्वतःच तिच्या पट्टीत, कृत्रिम बारीक आवाजात गायला होता. ही एक गोष्ट मला दहा गुपितांहून मोलाची वाटते. या दोन्ही माहितीपटांना आंतरराष्ट्रीय एमी मिळाला. मृत्यू आणि काम, दोन्हींकडे नीट पाहता येतं.

हेच माप दुसऱ्या एका माहितीपटाला लावून पाहू. गायिका ॲमी वाइनहाउसवरच्या, आसिफ कपाडिया यांच्या ‘ॲमी’ला ऑस्कर मिळालं, तरी छायाचित्रकारांच्या छळाची निंदा करताना त्यांनीच टिपलेली दृश्यं वापरल्याचा ठपका त्याच्यावर आला. तो मला अर्धा पटतो. पण ॲमी गाते तेव्हा तिचे शब्द पडद्यावर उमटतात, आणि व्यसनाने खंगलेल्या मुलीत प्रेक्षकाला कवयित्री भेटते.

दुःखाशेजारचं काम फ्रेडीच्या अखेरच्या दिवसांतही दिसतं. रूडी डोलेझाल आणि हानेस रोसाखर या जोडीने त्याच्यावर ‘द अनटोल्ड स्टोरी’ हा माहितीपट केला. फ्रेडीचं शेवटचं गीतचित्रण, मे १९९१मधलं, याच जोडीचं. आजाराच्या खुणा लपाव्यात म्हणून ते कृष्णधवल ठेवलं. हालचाल जवळजवळ नाही, गालफडं बसलेली. शेवटच्या शब्दांना तो थेट कॅमेऱ्यात पाहतो, आणि किंचित हसतो.