जेएसपीतून सातबारा कसा पाठवाल?

कळंबच्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी सातबारा हवा असेल, तर पूर्वी तलाठी भाऊसाहेबांना गाठण्याशिवाय इलाज नव्हता. १ मे २०१८ ला महाराष्ट्र शासनाने डिजिटल सहीचा सातबारा सुरू केला. घरबसल्या १५ रुपये भरायचे आणि पीडीएफ उतरवून घ्यायची. असंच काम आपण लॅबमध्ये जावा सर्व्हर पेजेस, म्हणजे जेएसपी वापरून करायचं म्हटलं तर? सोपं वाटतं, पण इथेच बऱ्याच जणांची दांडी उडते.

आधी फरक समजून घेऊ. वेब पान म्हणजे अक्षरं. त्यात दोन रिकाम्या ओळी जास्त पडल्या तरी ब्राउझर काही बोलत नाही. पीडीएफ मात्र बायनरी, म्हणजे बाइट्सची ठरलेली रांग. फाइलचा कोणता भाग सुरुवातीपासून कितव्या बाइटवर आहे, याचा तक्ता तिच्या आतच असतो. शिवाय डिजिटल सही ही सहीची जागा सोडून बाकी सगळ्या बाइट्सच्या हॅशवर केलेली असते. त्यातला एक बाइट जरी बदलला तरी सही जुळत नाही, आणि सोसायटीत त्या उताऱ्याला कोण विचारणार?

आता जेएसपीकडे वळू. ती मुळात पानाचा साचा आहे. सर्व्हर तिचं सर्व्हलेटमध्ये रूपांतर करतो. आपल्या जावा कोडच्या बाहेर जे काही असेल, अगदी एंटर दाबून सोडलेली ओळसुद्धा, ते 'आउट' नावाच्या लेखकाकडे जातं. हा लेखक फक्त अक्षरं लिहितो.

समजा, पीडीएफ याच 'आउट'मधून पाठवली. मग रिकाम्या ओळी तिच्या आधी चिकटतात. वर यूटीएफ-८ असेल तर १२७ च्या पुढचा प्रत्येक बाइट अक्षर समजून दोन बाइट्सचा केला जातो. फाइल फुगते आणि उघडत नाही.

बरं, 'गेट आउटपुट स्ट्रीम' मागून बाइट्स थेट पाठवले तर? फाइल जाते, पण पान संपताना 'आउट' आपल्या साठलेल्या ओळी पाठवायला स्वतःचा रायटर मागतो. एका उत्तरासाठी स्ट्रीम आणि रायटर दोन्ही मिळत नाहीत, हा नियमच आहे. म्हणून लॉगमध्ये 'इल्लीगल स्टेट एक्सेप्शन' येतं. एका वरातीत दोन नवरदेव कसे चालतील!

'आउट' रिकामा करून मध्येच रिटर्न करण्यासारख्या युक्त्या आहेत, पण त्या ठिगळ लावण्यासारख्या. सरळ मार्ग म्हणजे पीडीएफसाठी वेगळं सर्व्हलेट लिहायचं. लॉगिन तपासायचं. कंटेंट टाइप 'ॲप्लिकेशन/पीडीएफ' ठेवायचा. कंटेंट डिस्पोझिशनमध्ये 'इनलाइन' लिहिलं तर फाइल ब्राउझरमध्ये उघडते, 'अटॅचमेंट' लिहिलं तर सेव्ह होते. फाइलची लांबी बाइट्समध्ये सांगायची आणि मग बाइट्स जसेच्या तसे स्ट्रीममध्ये ओतायचे. जेएसपीत फक्त त्या सर्व्हलेटची लिंक ठेवायची.

शेवटी उतरलेल्या फाइलचा हॅश मूळ फाइलशी ताडून पाहा. नुसती उघडली म्हणून खूश होऊ नका. रिझल्ट असो, फीची पावती असो वा सातबारा, समोरचा माणूस त्याच्यावर विसंबून असतो.